एक पडदा, तीन टेबले: कॉम्प्युटरवरील उघड्या खिडक्यांची व्यवस्था



या पानावर आम्ही अधूनमधून उपयोगाचा एखादा पाठ देत असतो. या खेपेचा विषय कॉम्प्युटरचा आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आता तो आहे. ठाण्याच्या भावंडांशी बोलणे, कुपात होलीमची वेळ घेणे, बँकेचा हिशेब पाहणे, मराठीत चार ओळी लिहिणे ही सगळी कामे त्याच एका पडद्यावर होतात. तक्रारही सर्वांची एकच असते: "आत्ता होते ते कुठे गेले?" या प्रश्नाचे उत्तर ठाऊक नसल्यामुळे आमच्या हातून एक नुकसान झाले. पाठाची सुरुवात तेथूनच करतो.

आमच्या हातून काय झाले

काही वर्षांपूर्वी अश्दोदच्या एका वृद्ध मावशींकडून आम्ही मेंदीच्या वेळी म्हणायची जुनी गाणी उतरवून घेत होतो. त्या अलिबागकडच्या. गाणी त्यांच्या आईची, आणि कुठेही लिहिलेली नाहीत. मावशी टेलिफोनवर सांगत होत्या आणि आम्ही टाइप करीत होतो. दोन तास झाले, पाच गाणी पुरी झाली. मान मोडून आली म्हणून आम्ही हात सैल सोडला, आणि चार बोटे लॅपटॉपच्या खालच्या चौकोनावरून, म्हणजे टचपॅडवरून, एका बाजूला घसरली. पडदा क्षणात स्वच्छ झाला. गाणी नाहीत, खालच्या पट्टीवर त्यांची खूणही नाही. आम्ही घाबरलो. कॉम्प्युटर बिघडला असे समजून चालू-बंद करण्याचे बटण दाबून धरले आणि तो बंद केला.

संध्याकाळी नातू आला आणि त्याने सांगितले की काहीच बिघडले नव्हते. आदल्या दिवशी त्याने आपल्या खेळासाठी त्याच कॉम्प्युटरवर एक दुसरे टेबल करून ठेवले होते. आमची बोटे फिरली तेव्हा आम्ही त्या रिकाम्या टेबलावर जाऊन पोहोचलो, एवढेच. गाणी पहिल्या टेबलावर सुखरूप होती. ती नाहीशी झाली आम्ही बटण दाबून धरले तेव्हा, कारण तोपर्यंत एकदाही सेव्ह केलेली नव्हती.

मावशींनी दुसऱ्या आठवड्यात सगळे पुन्हा सांगितले. चार गाणी पूर्ण आली. पाचव्याची शेवटची दोन कडवी त्यांना काही केल्या आठवली नाहीत.

म्हणून या पाठाचे पहिले वाक्य असे: दिसत नाही म्हणजे गेले असे नाही. आधी शोधावे, मग घाबरावे.

खिडकीच्या तीन अवस्था

कॉम्प्युटरवर आपण कोणतेही काम उघडले की त्याची एक चौकट पडद्यावर येते. तिला विंडो, म्हणजे खिडकी, म्हणतात. खिडकी डोळ्यांआड होण्याचे तीन प्रकार आहेत, आणि ते वेगळे ओळखता आले की अर्धा पाठ झाला.

पहिला प्रकार, झाकलेली खिडकी. एका कागदावर दुसरा कागद ठेवला तर खालचा दिसत नाही, तसे हे. काम चालूच असते.

दुसरा प्रकार, खाली ठेवलेली खिडकी. चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात तीन खुणा असतात. त्यांपैकी आडव्या रेघेवर क्लिक केले की खिडकी खालच्या पट्टीवर, म्हणजे टास्कबारवर, जाऊन बसते. चाळीत सकाळी गाद्या गुंडाळून पलंगाखाली सरकवीत, तसे. गादी घरातच असते, आणि रात्री ओढली की मिळते.

तिसरा प्रकार, बंद केलेली खिडकी. फुलीवर क्लिक केले की काम मिटते. सेव्ह केलेले असेल तर ते पुन्हा उघडता येते. केलेले नसेल तर बहुतेक वेळा कॉम्प्युटर आधी विचारतो, "सेव्ह करू का?" हा प्रश्न वाचल्याशिवाय उत्तर देऊ नये. नुकसान बहुधा याच ठिकाणी होते.

इस्रायलमध्ये राहणाऱ्या आपल्या लोकांची येथे आणखी एक अडचण आहे. हिब्रू भाषेत चालणाऱ्या विंडोजमध्ये सारा पडदा आरशात पाहिल्यासारखा उलटा असतो, त्यामुळे फुली चौकटीच्या डाव्या कोपऱ्यात येते. इंग्रजीत चालणाऱ्या विंडोजमध्ये तीच फुली उजव्या कोपऱ्यात असते. घरी इंग्रजी आणि मुलीकडे हिब्रू असे असले की हात सवयीने चुकीच्या कोपऱ्याकडे जातो. म्हणून कोपरा पाठ करू नका, खूण पाहा. आडवी रेघ म्हणजे खाली ठेवा, चौकोन म्हणजे मोठी करा, फुली म्हणजे मिटवा.

हरवलेली खिडकी शोधण्याचा क्रम

पुढे दोन बटणे जोडून लिहिली असतील तेथे पहिले दाबून धरावे आणि दुसरे एकदा दाबून सोडावे. बटणे इंग्रजी नावाने दिली आहेत. कीबोर्ड हिब्रूवर असला तरी तीच बटणे चालतात. उदाहरणार्थ, 'डी'च्या बटणावर हिब्रूची 'गिमेल' असते आणि 'एस'च्या बटणावर 'दालेत'. विंडोज बटण म्हणजे ज्यावर चार चौकोनांची खिडकी काढलेली असते ते.

१) आल्ट + टॅब. आल्ट दाबून धरून टॅब दाबले की उघड्या खिडक्यांची लहान चित्रे दिसतात. टॅब पुन्हा पुन्हा दाबत हवे ते चित्र आले की आल्ट सोडावे. झाकलेली आणि खाली ठेवलेली, दोन्ही प्रकारच्या खिडक्या येथे सापडतात.

२) विंडोज + डी. या बटणांनी साऱ्या खिडक्या एकदम खाली जातात आणि तीच पुन्हा दाबली की वर येतात. सगळे अचानक नाहीसे झाले असेल तर पुष्कळदा हीच बटणे चुकून दाबली गेलेली असतात. पुन्हा दाबून पाहावे.

३) विंडोज + टॅब. याला टास्क व्ह्यू म्हणतात. येथे खिडक्यांबरोबर टेबलांची चित्रेही दिसतात. विंडोज ११ मध्ये ती पडद्याच्या खालच्या बाजूस असतात, विंडोज १० मध्ये वरच्या. एकाहून अधिक टेबले दिसली तर प्रत्येकावर क्लिक करून पाहावे. आमची गाणी येथेच मिळाली असती.

तिसरी पायरी का लागते, तेही सांगतो. आल्ट + टॅब आणि खालची पट्टी ही दोन्ही सहसा फक्त समोरच्या टेबलावरच्या खिडक्या दाखवितात. खिडकी दुसऱ्या टेबलावर असेल तर पहिल्या दोन पायऱ्यांनी ती सापडत नाही, आणि माणसाला वाटते की पुसली गेली.

इंटरनेट पाहताना एखादे पान चुकून मिटले असेल तर कंट्रोल आणि शिफ्ट ही दोन्ही धरून टी दाबावे. बहुतेक ब्राउझरमध्ये शेवटी मिटलेले पान परत येते.

टेबलांची कल्पना कुठून आली

पडद्यावर खिडक्यांची गर्दी होते, हे दुखणे नवे नाही. खिडक्या, चित्रे आणि माउस यांवर चालणारा झेरॉक्स कंपनीचा 'स्टार' १९८१ मध्ये बाजारात आला आणि ॲपलचा मॅकिंटॉश १९८४ मध्ये. मायक्रोसॉफ्टची पहिली विंडोज १९८५ च्या नोव्हेंबरमध्ये आली. तिच्यात खिडक्या एकमेकींवर चढत नसत, फरशा बसवाव्या तशा शेजारी शेजारी बसत. एकीवर दुसरी ठेवण्याची सोय १९८७ च्या दुसऱ्या आवृत्तीत आली, आणि तिच्याबरोबर खालचे वर, वरचे खाली करण्याची कटकटही आली.

झेरॉक्सच्या कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात ऑस्टिन हेंडरसन आणि स्टुअर्ट कार्ड या दोघांनी या दुखण्याचा अभ्यास केला. १९८६ मध्ये त्यांनी आपली रचना मांडली आणि तिला 'रूम्स', म्हणजे खोल्या, असे नाव दिले. त्यांचे म्हणणे साधे होते. माणूस एका वेळी सगळ्या खिडक्या वापरीत नाही. एका कामाला तीनचार खिडक्या लागतात, दुसऱ्याला वेगळ्या तीनचार. पडदा लहान असल्यामुळे काम बदलले की माणसाचा वेळ खिडक्या हलविण्यातच जातो. म्हणून प्रत्येक कामाच्या खिडक्यांची एक खोली करावी, आणि एका खोलीतून दुसरीत जायला दार ठेवावे. घड्याळासारखी एखादी वस्तू सगळ्याच खोल्यांत लागते, तर तीच सगळीकडे दिसावी, अशीही सोय त्यांनी केली होती.

मुंबईत एका खोलीत संसार केलेल्या आपल्या लोकांना ही कल्पना कुणी समजावून सांगायला नको. पहाटे ती खोली स्वयंपाकघर असे, दुपारी तेथेच शिवणाचे मशीन निघे, संध्याकाळी मुलांची दप्तरे, रात्री अंथरुणे. खोली एक आणि मांडण्या चार. फरक इतकाच की तेथे प्रत्येक मांडणी हातांनी उचलावी लागे. कॉम्प्युटर ती जशीच्या तशी बाजूला ठेवतो आणि मागितली की पुढे करतो.

युनिक्स पद्धतीच्या कॉम्प्युटरांवर अशी टेबले १९९० च्या दशकातच वापरात होती. ॲपलने ती २००७ मध्ये 'स्पेसेस' या नावाने आपल्या मॅकवर दिली. विंडोजमध्ये ती सर्वांना सहज मिळाली २०१५ मध्ये, विंडोज १० बरोबर. इंग्रजीत त्यांना 'व्हर्च्युअल डेस्कटॉप' म्हणतात. आम्ही येथे टेबल म्हणतो.

टेबल कसे करावे

विंडोज + टॅब दाबावे. टेबलांच्या ओळीत अधिकची खूण असते, तिच्यावर क्लिक केले की नवे रिकामे टेबल तयार होते. किंवा विंडोज आणि कंट्रोल ही दोन्ही धरून डी दाबावे.

एका टेबलावरून शेजारच्या टेबलावर जाण्यासाठी विंडोज आणि कंट्रोल धरून डावा किंवा उजवा बाण दाबावा. एका बाणाने जावे, उलट्या बाणाने परत यावे. बहुतेक नव्या लॅपटॉपवर टचपॅडवर चार बोटे एकदम आडवी फिरविली तरी हेच घडते.

खिडकी एका टेबलावरून दुसऱ्यावर न्यायची असेल तर विंडोज + टॅब दाबून तिचे चित्र माउसने धरावे आणि हव्या त्या टेबलाच्या चित्रावर नेऊन सोडावे. एखादी खिडकी सगळ्याच टेबलांवर हवी असेल तर तिच्या चित्रावर माउसचे उजवे बटण दाबून 'शो धिस विंडो ऑन ऑल डेस्कटॉप्स' निवडावे. हेंडरसन आणि कार्ड यांच्या घड्याळाची सोय ती हीच.

टेबलाला नाव द्यावे. टास्क व्ह्यूमध्ये टेबलाच्या नावावर क्लिक करून नवे नाव टाइप करता येते, आणि ते मराठीतही देता येते. विंडोज ११ मध्ये टेबलाच्या चित्रावर उजवे बटण दाबून प्रत्येक टेबलाला निराळे पार्श्वचित्रही लावता येते. हा थाट नव्हे. आपण कुठे आहोत हे एका नजरेत कळावे, म्हणून ते करावे.

टेबल नको झाले तर ते काढून टाकता येते. त्यावरच्या उघड्या खिडक्या मिटत नाहीत, शेजारच्या टेबलावर जातात. तेव्हा ही गोष्ट करून पाहायला भिऊ नये.

आमची मांडणी

आम्ही तीन टेबले ठेवतो. याहून जास्त केली तर कोणते कुठे, हेच विसरायला होते.

पहिले टेबल 'घर'. त्यावर पत्रे, बातम्या आणि भारतातल्या नातेवाइकांशी बोलण्याची खिडकी.

दुसरे टेबल 'लेखन'. त्यावर दोनच खिडक्या, शेजारी शेजारी. एकीत वाचकाचे आलेले पत्र, दुसरीत आमचे मराठी पान. शेजारी बसविण्यासाठी एक खिडकी समोर घेऊन विंडोज + डावा बाण दाबावा. ती अर्धा पडदा व्यापते, आणि उरलेल्या अर्ध्यात कोणती हवी ते कॉम्प्युटर विचारतो. पत्र वाचायचे आणि पान लिहायचे, दोन्ही एका नजरेत. एका टेबलावर कॉपी केलेला मजकूर दुसऱ्या टेबलावर उतरविता येतो, त्यामुळे टेबले वेगळी म्हणून काम अडत नाही.

तिसरे टेबल 'कागद'. बँक, बितुआ लेउमी, डॉक्टर. हे काम असेल तेव्हाच उघडतो आणि काम झाले की त्यावरच्या खिडक्या फुलीने मिटवितो.

तीन भाषांची एक सोयही सांगून ठेवतो. विंडोज बटण धरून स्पेस दाबले की लिहिण्याची भाषा बदलते. पण मराठीतून हिब्रू खिडकीत गेले की पुन्हा बदला, परत आले की पुन्हा बदला, हा त्रास असतो. इंग्रजी विंडोज ११ मध्ये सेटिंग्जमध्ये 'टाइम अँड लँग्वेज', त्यात 'टायपिंग', त्यात 'ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज' येथे जावे. प्रत्येक खिडकीसाठी वेगळी लेखनपद्धत ठेवण्याची सोय तेथे आहे, तेथे खूण करावी. मग मराठीची खिडकी मराठीत राहते आणि हिब्रूची हिब्रूत.

टेबले काय करीत नाहीत

सोय कळली की तिच्यावर नको तेवढा विश्वास बसतो. म्हणून चार गोष्टी ध्यानात ठेवाव्या.

एक, टेबल म्हणजे कुलूप नव्हे. आपला बँकेचा हिशेब दुसऱ्या टेबलावर आहे म्हणून तो लपलेला नाही. एका बाणाने कोणीही तेथे पोहोचतो. उठून जाताना विंडोज + एल दाबून कॉम्प्युटरला कुलूप लावावे. व्हिडिओवर नातेवाइकांना फोटो दाखविताना 'सारा पडदा' न निवडता फक्त फोटोंची खिडकी निवडावी. सारा पडदा दाखविला आणि आपण दुसऱ्या टेबलावर गेलो, तर पाहणारेही आपल्याबरोबर तेथे येतात.

दोन, टेबल म्हणजे सेव्ह नव्हे. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू केला तर टेबले आणि त्यांची नावे राहतात, पण त्यांवरची कामे आपल्यालाच पुन्हा उघडावी लागतात. न साठविलेला मजकूर टेबल सांभाळीत नाही. दर परिच्छेदाला कंट्रोल + एस दाबण्याची सवय लावावी.

तीन, टेबलाने ओझे हलके होत नाही. दुसऱ्या टेबलावरचे कामही चालूच असते. तेथे गाणे लावले असेल तर ते येथेही ऐकू येते. कॉम्प्युटर मंद झाला तर नवे टेबल करून उपयोग नाही, नको त्या खिडक्या मिटवाव्या.

चार, टेबल म्हणजे अडगळीची खोली नव्हे. 'नंतर पाहू' म्हणून वीस खिडक्या मागे टाकल्या तर गर्दी डोळ्यांआड होते, पण कमी होत नाही. रात्री कॉम्प्युटर बंद करण्यापूर्वी एकेका टेबलावर जाऊन पाहावे: हे हवे का? हवे तर सेव्ह करावे, मग मिटवावे.

मॅक वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात: कंट्रोल + वरचा बाण दाबले की सगळ्या खिडक्या आणि टेबले दिसतात. कंट्रोल + डावा किंवा उजवा बाण दाबले की टेबल बदलते. तेथे बटणे वेगळी आहेत, पण विचार तोच.

स्वाध्याय

वाचून ही गोष्ट येत नाही, हाताने करावी लागते. पंधरा मिनिटे काढून, काही महत्त्वाचे उघडे नसताना, पुढील गोष्टी करून पाहाव्या.

१) दोन कामे उघडा. एक आडव्या रेघेने खाली ठेवा. आल्ट + टॅबने परत आणा.
२) विंडोज + डी दाबा. घाबरू नका. पुन्हा दाबा.
३) एक नवे टेबल करा. त्याला आपल्या गावाचे नाव द्या: पेण, रोहा, पनवेल, जे असेल ते.
४) त्या टेबलावर एक खिडकी उघडा आणि बाणाने पहिल्या टेबलावर परत या. आता ती खिडकी आल्ट + टॅबमध्ये दिसते का पाहा. नंतर विंडोज + टॅबने शोधा.
५) नवे टेबल काढून टाका. त्यावरची खिडकी कुठे गेली ते पाहा.

चौथा प्रश्न दोनदा करावा. आम्हाला तो आधी कुणी करायला लावला असता तर बरे झाले असते.

"आता या वयात हे कसे जमणार?" असे आपल्यातले काहीजण म्हणतात. ज्यांनी चाळिशीत उलपानमध्ये बसून 'आलेफ-बेत' गिरविले आणि मग त्याच भाषेत कारखान्यात काम केले, मुलांच्या शाळेत जाऊन शिक्षकांशी बोलले, त्यांनी असे म्हणू नये. ही पाचसहा बटणे त्यापुढे काहीच नाहीत.

मावशी आता नाहीत. त्यांच्या चार गाण्यांचे कागद आमच्यापाशी आहेत, कॉम्प्युटरवर आहेत आणि त्यांच्या मुलीकडेही आहेत. पाचव्या गाण्याखाली आम्ही दोन कडव्यांची जागा कोरी ठेवली आहे. अलिबागकडच्या कुणा वाचकाच्या आईच्या तोंडी ती असतील तर त्यांनी अवश्य कळवावे. या वेळी प्रत्येक ओळ उतरविल्याबरोबर सेव्ह करू.